कणा: आधी मऊ, मग कठीण

'ताठ कण्याचा माणूस', 'कणा मोडला', 'शेती हा देशाचा कणा' असं आपण सहज लिहून जातो. कणा म्हणजे कठीण, न वाकणारा, हे जणू ठरलेलंच. हाडं असलेल्या माशांत कणा कसा घडतो हे वाचल्यावर मला हा अर्थ अपुरा वाटू लागला.

उदाहरण म्हणून झेब्रा मासा घेऊ. हा आपल्याच उपखंडातला. हॅमिल्टनने १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याचे भ्रूण पारदर्शक असते, त्यामुळे आतली घडण जिवंतपणीच सूक्ष्मदर्शकाखाली दिसते.

सुरुवातीला हाड नसतेच. पाठीच्या बाजूने शेपटीपर्यंत गेलेली एक मऊ दांडी असते, तिला पृष्ठरज्जू म्हणतात. (मेरुरज्जू वेगळा. तो चेतापेशींचा आणि हिच्या वर असतो.) दांडीतल्या पेशी द्रवाने टम्म फुगलेल्या आणि बाहेरून घट्ट आवरण. पाणी भरलेला पाइप ताठ होतो ना, तसंच.

त्याच वेळी दोन्ही बाजूंना कायखंड तयार होतात, साधारण अर्ध्या तासाला एक जोडी. कोंबडीत किंवा माणसात मणके या कायखंडांतून आलेल्या पेशींपासून बनतात. झेब्रा माशात मात्र आधी पृष्ठरज्जूच्या आवरणातच ठरावीक अंतरावर खनिजाची कडी उमटतात. मग कायखंडांतून आलेल्या पेशी त्यांच्यावर बाहेरून हाड चढवतात. वर मेरुरज्जूभोवती आणि शेपटीकडे खाली रक्तवाहिन्यांभोवती हाडांच्या कमानी उभ्या राहतात.

हे कशावरून? काही उत्परिवर्तित झेब्रा माशांत कायखंडांच्या सीमा नीट पडतच नाहीत. त्यांच्या कमानी वेड्यावाकड्या होतात, पण मणक्यांचे मुख्य भाग बऱ्यापैकी ओळीत बनतात. म्हणजे मणक्यांचे अंतर ठरवण्यात त्या मऊ दांडीचा मोठा वाटा आहे.

याची खूण ताटातही सापडते. बांगड्याच्या मधल्या काट्यातला एक मणका सुटा करून बघा. (मोरी नको, तिचा सांगाडा कूर्चेचा.) दोन्ही टोकांना खोलगट, अगदी डमरूसारखा. जिवंत माशात त्या खळग्यांत पृष्ठरज्जूचा मऊ अवशेष असतो.

कठीण मणके आणि मधे मऊ जागा, म्हणून मासा अंग वळवून पोहू शकतो. तेव्हा पुढच्या वेळी निबंधात 'कणा' लिहिताना नुसता ताठपणा लिहून थांबू नये, असं मला वाटतं. न मोडता वाकणं हेही कण्याचंच काम आहे.