ध्रुवाकडे तोंड करून: दुर्बिणीचा पहिला पाठ



वांगणी म्हटले की मुंबईच्या आकाशप्रेमींना कर्जत मार्गावरचे स्टेशन आठवते. खगोल मंडळाचे आकाशदर्शनाचे कार्यक्रम तेथे वर्षानुवर्षे होत आले आहेत. जव्हारकरांना मात्र 1992 च्या बालमृत्यूंनी देशभर गाजलेले वावर-वांगणी आठवते. आकाश आमच्याकडेही तितकेच काळेभोर आहे, पण दुर्बीण नव्हती. यंदा मुंबईच्या एका कुटुंबाने आपल्या मुलींच्या वसतिगृहाला ती दिली. सोबत होता इक्वेटोरियल माउंट, म्हणजे दुर्बीण पेलणारी आणि फिरवणारी खास बैठक.

कोजागिरीला मी ती अंगणात लावली. चंद्र सापडला आणि लगेच निसटला. मी दोन्ही मुठी फिरवून घामाघूम झाले, पण रांगेतल्या तिसऱ्या मुलीपर्यंत काही पोहोचेना. निम्म्या मुली न बघताच झोपायला गेल्या.

चूक कोठे होती?

पृथ्वी स्वतःभोवती तासाला 15 अंश फिरते, म्हणजे 4 मिनिटांत 1 अंश. चंद्र अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून 2 मिनिटांत तो स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो. साधी बैठक वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते, त्यामुळे ताऱ्यामागे जाताना दोन्हीकडे हात चालवावा लागतो. इक्वेटोरियल माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवता येतो. तसा ठेवला की एकच मूठ पुरते. मी तो अक्ष माहितीपुस्तिकेतल्या चित्राप्रमाणे बराच उभा ठेवला होता. चित्र दूर उत्तरेकडच्या देशाचे होते. नियम सोपा आहे: जेवढा गावाचा अक्षांश, तेवढीच ध्रुवताऱ्याची क्षितिजापासून उंची. लंडनला ती 51 अंश, मुंबईला 19, जव्हार-मोखाड्याला सुमारे 20.

दिवाळीच्या सुट्टीला दोन दिवस असताना पुन्हा प्रयत्न केला. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे ध्रुवासाठी सप्तर्षी शोधू लागले. स्वयंपाकाच्या मावशी भांडी घासता घासता म्हणाल्या, “ताई, बाज आता कुठली दिसायला? ती बुडाली. पहाटे निघेल.” सप्तर्षींचे चार तारे म्हणजे बाज आणि मागचे तीन म्हणजे चोर, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. त्या दिवसांत संध्याकाळी ध्रुव शोधायला ‘एम’ अक्षरासारखी शर्मिष्ठा कामी येते. मावशींनी मात्र शर्मिष्ठेचीही वाट पाहिली नाही, सरळ बोट दाखवले.

आता क्रमाने

1. उत्तर दिशा मोकळी असलेली टणक जागा निवडा. तिवई समतल करून एक पाय उत्तरेकडे ठेवा.
2. अक्षांशाची पट्टी 20 वर आणा. आपल्याकडे अक्ष बराच आडवा येतो, म्हणून वजनाचा दांडा तिवईच्या पायाला अडत नाही ना, ते पाहा.
3. वजन मागे-पुढे सरकवून तोल साधा. कुलूप सैल केल्यावर दुर्बीण कोठेही सोडली तरी तेथेच राहिली पाहिजे.
4. अक्ष ध्रुवताऱ्याकडे वळवा. ध्रुव खऱ्या ध्रुवबिंदूपासून एका अंशाहून कमी दूर आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहण्यासाठी एवढे पुरते. यानंतर तिवई हलवू नका.
5. दोन्ही कुलपे सैल करून ताऱ्यावर नेम धरा, कुलपे घट्ट करा आणि ध्रुवीय अक्षाची मूठ हळूहळू फिरवा. सुरुवातीला कमी वर्धनाची नेत्रिका लावा.

सूर्याकडे दुर्बीण कधीही वळवू नका. डोळा कायमचा जातो.

त्या रात्री मूठ आठवीतल्या एका मुलीकडे दिली. दिवाळीनंतर ती येणार नव्हती. आई-वडील भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाले होते आणि धाकट्या भावाला सांभाळायला तीच हवी होती. आम्ही दोनदा घरी जाऊन विनवले, उपयोग झाला नाही. तिने अर्धा तास मूठ फिरवली आणि कृत्तिका जागच्या हलल्या नाहीत. नुसत्या डोळ्यांनी सहा दिसणारे तारे एकीने चाळीसपर्यंत मोजले. ईयोबाच्या 38 व्या अध्यायात कृत्तिका येतात. पदविकेच्या अभ्यासात मी तो अध्याय पाठ केला होता, पण कृत्तिका अशा कधी पाहिल्या नव्हत्या.

“भट्टीवर ध्रुव दिसेल का?” तिने विचारले. दिसेल, येथल्यापेक्षा जेमतेम अर्धा अंश खाली, असे मी सांगितले. तिने मान डोलावली आणि मूठ पुढच्या मुलीच्या हातात दिली.

तिवईच्या तीन पायांच्या जागा आम्ही अंगणात चुन्याने रंगवल्या आहेत. भट्टीवरची कुटुंबे पावसाच्या तोंडावर परततात. तोवर तिचे नाव आम्ही पटावर ठेवले आहे. तिच्यासाठी प्रार्थना करा. आणि आपल्या घरी एखादी दुर्बीण खोक्यात पडून असेल, तर आज रात्री तिचा अक्ष आपल्या गावाच्या अक्षांशावर आणून पाहा.