आठ नॉटला बोट कशी चालते?

गेटवे ते मांडवा हे अंतर सरळ रेषेत आठेक सागरी मैलांचं. फेब्रुवारीतल्या शांत सकाळी वीस नॉटच्या बोटीला त्यासाठी अर्धा तासही लागत नाही, आणि बहुतेक कुटुंबं आपली पहिली बोट अशाच एखाद्या सकाळी पसंत करतात. पाणी सपाट असतं, केबिनमध्ये एसी चालू असतो, मुलं वरच्या डेकवर जाऊन बसलेली असतात. मी जहाजांवर इंजिनिअर होतो. निवृत्त झाल्यापासून ओळखीपाळखीचे लोक बोट घेण्याआधी ती दाखवायला मला नेतात. त्या प्रत्येकाला मी आधी एकच प्रश्न विचारतो: समुद्र खवळलेला असताना, आठ-नऊ नॉटला ही बोट कशी चालते ते पाहिलंय का?

आठ-नऊ नॉटच का, तर घरची माणसं बोटीत असताना वाईट पाण्यात आपण त्याच वेगानं येतो. माहितीपत्रकात अठ्ठावीस नॉट छापलेले असतात. पण तो वेग बोट पाण्यावर उचलून धावते तेव्हाचा. समोरून आखूड, उभी लाट यायला लागली की त्या वेगानं बोट आपटते, आतली माणसं उसळतात आणि सुकाणूवरच्या माणसाचा हात आपोआप मागं येतो. वेग उतरला की बोट पाण्यात बसते. धावण्यासाठी बनवलेल्या बोटीचं बूड मागच्या बाजूला बहुधा रुंद आणि सपाट असतं, खाली कील, म्हणजे तळाचा लांब कणा, नसते. संथ चालताना ती नाक इकडंतिकडं फिरवते, वाऱ्यानं बाजूला ढकलली जाते आणि हेलकावे खाते.

दाजींच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांच्या बोटीवर हे सगळं मी जवळून पाहिलं. अडतीस फुटी बोट, जुनी पण देखणी, दोन डिझेल इंजिनं, वर फ्लायब्रिज. एप्रिलमधला रविवार होता. आम्ही मांडव्याला होतो आणि परत निघायला दुपारचे चार वाजले. आमच्या तांडेलानं, म्हणजे बोट चालवणाऱ्यानं, आधीच सांगितलं होतं की आता वारा चढेल, ओहोटीलाही जोर आहे, पाणी फिरल्यावर निघू. पण नातवंडांची सोमवारची शाळा होती.

मार्च ते मे या महिन्यांत मुंबईच्या किनाऱ्यावर दुपारी वायव्येचा वारा येतो, हे इथल्या कोळ्यांना सांगावं लागत नाही. उधाणाच्या दिवसांत बंदरातल्या भरती-ओहोटीत पाच मीटरच्या आसपास फरक पडतो. तेवढं पाणी बंदराच्या तोंडातून बाहेर पडत असताना समोरून वारा आणि बाहेरची लाट आत आली, की लाट फार उंच नसली तरी आखूड आणि उभी होते. मांडव्याहून गेटवेला येताना बोटीचं तोंड नेमकं त्या वाऱ्यात असतं आणि कुलाबा दांडीचा आडोसा मिळेपर्यंत डावी बाजू उघड्या समुद्राला असते.

पहिल्या दहा मिनिटांतच वेग नऊ नॉटवर आणावा लागला. फ्लायब्रिजवरचं छत, सोफे, पाण्याची स्कूटर, सगळं वजन उंचावर होतं. प्रत्येक हेलकाव्याच्या शेवटी बोट क्षणभर थांबायची आणि मग झटक्यानं परतायची. दाजींच्या आई, वय वर्षं अठ्ठ्याहत्तर, शौचालयाकडं जायला उठल्या. सोफा आणि स्वयंपाकाचा ओटा यांच्यामध्ये सहा-सात फुटांची मोकळी जागा होती आणि तिथं धरायला काहीही नव्हतं. कारखान्यातून आलेली छताची दांडी आधीच्या मालकानं शोभेच्या दिव्यांसाठी काढून टाकलेली. आजी पडल्या. मनगट मोडलं.

त्यांना आम्ही जमिनीवरच उशांमध्ये बसवत होतो, तोच उजवं इंजिन घुटमळलं आणि बंद पडलं. बरीच वर्षं कमी वापरलेल्या बोटीच्या टाकीत तळाला गाळ आणि पाणी साचतं. शांत पाण्यात ते तळाशी पडून राहतं, हेलकाव्यांत ढवळून निघतं आणि फिल्टरमध्ये जातं. फिल्टरच्या काचेच्या वाटीत डिझेल दिसतच नव्हतं, काळा चिखल होता. इंजिनवर जायचं झाकण मागच्या डेकच्या फळीत, ते उचललं की प्रत्येक लाटेचे शिंतोडे थेट तापलेल्या इंजिनवर. तांडेल एका इंजिनावर पाचेक नॉटनं बोटीचं तोंड लाटेत धरून उभा होता, दाजींच्या सुनेनं दोन्ही मुलांना कमरेशी बांधून घेतलं होतं आणि मी पोटावर पडून फिल्टर बदलत होतो. बोटीवर जादा फिल्टर एकच होता. डावं इंजिन त्याच टाकीतलं डिझेल पीत होतं, आणि ते बंद पडलं तर पुढं काय, याचं उत्तर कोणाकडंच नव्हतं. ते बंद पडलं नाही. दिवेलागणीनंतर आम्ही गेटवेला लागलो.

त्या संध्याकाळचा समुद्र वादळी मुळीच नव्हता, कुठला इशाराही नव्हता. मासेमारीच्या बोटी आमच्या बाजूनं नेहमीच्या चालीनं ससून डॉककडं जात होत्या. त्यांचं बूड खोल, खाली जाड कील, इंजिन एकच, वजन सगळं तळाला. सात नॉट हीच त्यांची चाल, त्यामुळं लाट आली म्हणून त्यांना काही बदलावं लागत नाही. कुटुंबाची बोट निवडताना माझी नजर आता आधी बुडाकडं जाते, ती त्या बोटी पाहिल्यापासून.

बुडाचे ढोबळ तीन प्रकार. पाणी कापत संथ जाणारं, पाण्यावर धावणारं आणि या दोहोंमधलं, ज्याला सेमी-डिस्प्लेसमेंट म्हणतात. पहिल्या प्रकाराच्या वेगाला निसर्गाचीच मर्यादा असते: पाण्यातल्या लांबीचं फुटांत वर्गमूळ काढून त्याला 1.34 नं गुणलं की नॉट मिळतात. छत्तीस फुटांना आठ. धावणाऱ्या बोटींमध्ये खोल इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचं बूड लाटेवर मऊ पडतं. अमेरिकन आरेखक रे हंट यांनी ते रूढ केलं आणि 1960 च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत 'मोपी' या बोटीनं खवळलेल्या समुद्रात जिंकून ते सिद्ध केलं. मागच्या टोकाशीही चोवीस अंशांच्या आसपास उतार असलेलं हे बूड वेगात उत्तम, पण थांबल्यावर किंवा संथ चालीत जास्त डोलतं. म्हणून मुलं आणि म्हातारी माणसं नेणाऱ्यांना मी मधला प्रकार सुचवतो: पुढं धारदार, मागं थोडं चपटं, खाली पुरती लांब कील. ब्रिटनमध्ये नेल्सन बोटी याच धाटणीच्या, आणि तिथल्या बंदरांत जहाजांवर पायलट पोचवायला त्या वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या. चौदा-पंधरा नॉट त्या आरामात देतात आणि आठ नॉटलाही सरळ चालतात.

युरोपीय प्रमाणपत्राची ए, बी, सी, डी अशी अक्षरं विकणारे अभिमानानं दाखवतात. सी म्हणजे सहा बोफर्टपर्यंतचा वारा आणि दोन मीटरपर्यंतची लाट, बी म्हणजे आठ बोफर्ट आणि चार मीटर. बी असलेली घ्याच. पण हे मीटर म्हणजे लक्षणीय लाटेची उंची, सगळ्यांत उंच एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येऊ शकते. समुद्राचा अंदाज देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या अंदाजातही हाच आकडा असतो, तेव्हा तो वाचताना हे ध्यानात ठेवा. शिवाय ते अक्षर बोट किती सोसेल ते सांगतं, आतली माणसं किती सोसतील ते सांगत नाही. दाजींच्या बोटीवर बी होतं.

फ्लायब्रिजचा मोह मला कळतो, मुलांना ते आवडतं. पण उंचावरचं प्रत्येक किलो हेलकावा वाढवतं, आणि आधीच्या मालकानं नंतर काय काय वर चढवलंय ते तुम्हालाच शोधावं लागतं. हेलकावे कमी करणारा जायरो मिळतो. तो चालवायला बोटीवर विजेची सोय लागते, आणि ती वीज नेमकी वाईट वेळी गेली तर बोट मूळच्या स्वभावावर येते. आधी स्वभाव चांगला असावा, जायरो नंतर.

इंजिन डिझेलच असावं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साठते आणि एका ठिणगीची वाट पाहते. रायगडच्या किनाऱ्याला डोल जाळ्यांचे खांब आणि बोये पसरलेले असतात, तेव्हा सरळ शाफ्टवरचा पंखा आणि त्याच्या पुढं कीलचं संरक्षण असेल तर जाळं अडकण्याची भीती कमी. डिझेलची टाकी उघडून आतून पाहा. तपासणीची झडपच नसेल तर ती करून घ्या. एक फिल्टर चालू असताना दुसरा बदलता येईल अशी जोडी बसवा, आणि इंजिनवर जायची वाट पाण्याच्या माऱ्यात उघडावी लागणार नाही अशी बोट शोधा. बाकी इंजिनांची वर्षं, तेलाची तपासणी, फायबरमधला ओलावा हे सर्व्हेअर पाहतो. तो स्वतंत्र असावा, विकणाऱ्यानं सुचवलेला नको.

केबिनमध्ये शिरल्यावर सोफ्यावर बसू नका. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला आणि दर पावलाला हात टाका. हाताला दांडी, कड, काहीतरी लागलंच पाहिजे. हे घरातल्या सगळ्यांत बुटक्या आणि सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला करायला लावा. ओट्याच्या कडा गोल आहेत का, ड्रॉवर आपोआप उघडत नाहीत ना, बाहेरच्या कठड्याची उंची गुडघ्याच्या वर आहे ना, मागच्या डेकवर आलेलं पाणी चटकन निघून जाईल एवढी भोकं आहेत ना, आणि मुलांच्या मापाची, मांड्यांतून पट्टा येणारी लाइफजॅकेटं कुठं ठेवणार, हे तिथंच ठरवा. मार्च 2020 मध्ये मांडव्याजवळ फेरीबोट बुडाली, तेव्हा 88 जणांना पोलिसांच्या गस्ती बोटीनं वाचवलं. आपली हाक अशी कोणाच्या तरी कानी जावी म्हणून व्हीएचएफ बसवलेला हवा, चॅनेल 16 सगळ्यांना लावता आलं पाहिजे, आणि तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक सुकाणूसमोर चिकटवलेला असावा.

आणि चाचणी. ती एप्रिलमधल्या उधाणाच्या ओहोटीत, दुपारी तीननंतर मागा. तांडेल आणि घरची मोठी माणसं बरोबर न्या, पण लहान मुलं या फेरीला नकोत. कुलाब्याचा आडोसा सोडल्यावर आठ नॉटला बोट लाटेच्या समोर, मग आडवी, मग लाट मागच्या कोपऱ्यावर घेऊन प्रत्येकी पंधरा मिनिटं चालवा. लाट मागून येताना ट्रिम टॅब, म्हणजे बुडाच्या मागच्या टोकाच्या हलत्या पट्ट्या, वर घ्या आणि बोट आपोआप आडवी फिरायला पाहते का ते बघा. कोणाला तरी आत चहा करायला सांगा. शेवटी इंजिनं बंद न करता गिअर काढून पाच मिनिटं नुसती तरंगू द्या. हेलकावा सावकाश असेल तर माणसं सोसतात, झटक्याचा असेल तर सोसत नाहीत. ही चाचणी आणि सर्व्हेअरचा अहवाल पसंत पडल्यावरच व्यवहार, नाहीतर विसार परत, ही अट करारात लिहून घ्या. विकणारा ती मान्य करत नसेल तर विसार देऊ नका, दुसरी बोट बघा.