लाल टोपी, केशरी टोपी

पहिल्या नाईटनंतर घरी येऊन रडलीस ना? मग ऐक. मी तर लिनन रूममध्ये चादरींच्या गठ्ठ्यावर बसून रडले होते, आणि वॉर्डातल्या मावशींनी काही न विचारता चहा आणून दिला होता. अगं, कॉलेजात एका पेशंटची केस स्टडी लिहायला कितीतरी दिवस मिळायचे, इथं अख्खा वॉर्ड आणि तू एकटी. या धक्क्यावर अमेरिकेतल्या मार्लिन क्रेमर या नर्सनं १९७४ साली ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ नावाचं पुस्तकच लिहिलंय. तेव्हा तूच कच्ची आहेस, हे डोक्यातून काढ.

खरं सांगू का, विचारायची लाज तेवढी सोड. माझा इन्सुलिनचा घोळ सांगते. बाटली चाळीसची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. तिला लाल टोपीची सिरिंज लागते. मी घाईत केशरी टोपीची, शंभरची उचलली आणि २० च्या रेघेपर्यंत भरली. टोचणार तोच इन्चार्ज सिस्टरनी मनगट धरलं. पेशंटला २० ऐवजी ८ च युनिट गेली असती. आणि उलट झालं असतं, शंभरची बाटली नि लाल टोपी, तर थेट ५०! तेव्हापासून बघ, बाटली आणि सिरिंज शेजारी धरून मी मोठ्यानं वाचते. पोरी हसतात. हसू देत. घरी कुकरच्या शिट्ट्याही मोठ्यानंच मोजते आता.

रात्री डॉक्टरांना उठवायचं तर ‘पेशंट बरा दिसत नाही’ एवढंच नको सांगूस. बीपी, पल्स, सॅच्युरेशन आधी बघून घे आणि आकडेच सांग. फोनवर ऑर्डर दिली तर लिहून घे, परत वाचून दाखव. वैतागले तर वैतागले, सकाळी विसरतात.

आणि सुई टोचली तर लपवायचं नाही. बोट पिळत बसू नकोस, साबण-पाण्यानं धू आणि लगेच इन्चार्जना सांग. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं लागलीच, तर पहिल्या दोन तासांत सुरू झालेली बरी, ७२ तासांपलीकडे तर नाहीच. मी शरमेपोटी ड्यूटी संपेपर्यंत गप्प बसले होते. शुद्ध गाढवपणा!

आजही नाईटच आहे ना? मग पडदे ओढ, फोन बंद कर, झोप. आणि डब्यात दोन थालीपीठं जास्त ने गं, पहाटे चारला मावशींनाही भूक लागते.