पाहण्याचा अभ्यास : सहलीकडून धम्मयात्रेकडे

दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेच्या फलकावर सहलीची सूचना लागते आणि त्यानंतरच्या पालकभेटीच्या दिवशी एक प्रश्न आमच्यासमोर हमखास येतो. कापसाच्या वेचणीतून एक दिवस काढून आलेले एखादे वडील संकोचाने विचारतात, "सर, पोराले शिकाले ठेवलं इथं. हे चित्रं-दगडं पाहून त्याले काय भेटन?"

प्रश्न रास्त आहे. धामणगाव रेल्वेहून मुंबईचे संग्रहालय पाहायचे म्हणजे रात्रभराचा रेल्वेप्रवास. अजिंठ्याला जायचे म्हणजे बसचे भाडे, दोन दिवसांचा शिधा आणि बहुतेक घरांत तितक्याच दिवसांची मजुरी. "ज्ञान वाढते" असे ठरावीक उत्तर आम्ही देत आलो. पालक ते आदराने ऐकून घेतात. पण त्यांचे समाधान झालेले नसते आणि खरे सांगायचे तर आमचेही नसते. शाळेच्या या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि धम्मबांधव यांच्यासमोर त्या प्रश्नाचे अधिक प्रामाणिक उत्तर मांडावे, एवढाच या पाठाचा हेतू आहे.

१. एका सम्राटाने बदललेली सहल

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात एक शिलाखंड आहे. तो नालासोपारा येथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीत सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा काही भाग कोरलेला आहे. या लेखाचा विषय प्रवास हाच आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत. तिच्यात शिकार असे, करमणूक असे. राज्याभिषेकानंतर दहा वर्षांनी अशोक संबोधीस्थळी, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेथपासून त्याच्या प्रवासाचे स्वरूप पालटले. श्रमण-ब्राह्मणांची भेट आणि दान, वृद्धांची विचारपूस, जनपदातील साध्या माणसांचे दर्शन, त्यांना धम्माचा उपदेश आणि त्यांच्याशी धम्माविषयी प्रश्नोत्तरे, हे आता प्रवासाचे प्रयोजन झाले. या प्रवासाला त्याने धम्मयात्रा म्हटले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. अशोकाने प्रवास सोडला नाही. रस्ते तेच राहिले असतील, रथही तेच. बदलले ते जाण्याचे कारण आणि वाटेत भेटणाऱ्यांशी वागण्याची रीत. म्हणून सहलीला जावे की न जावे, हा आमच्यापुढचा प्रश्न नाही. आपण आजवर मुलांना विहारयात्रेला नेले की धम्मयात्रेला, हा खरा प्रश्न आहे. याचे उत्तर देताना प्रथम आमची एक चूक सांगणे आवश्यक आहे.

२. सतराव्या लेण्यातील मुलगा

काही वर्षांपूर्वी आम्ही सातवी-आठवीच्या मुलांना अजिंठ्याला नेले होते. जाण्यापूर्वी माहिती सांगितली होती : एकूण तीस लेणी, प्राचीन लेणी इसवी सनापूर्वीची, १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडून ती जगासमोर आली, १९८३ पासून जागतिक वारसा. उत्तरकालीन लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातील आणि त्याच्या घराण्याची राजधानी वत्सगुल्म म्हणजे आपल्या वऱ्हाडातील वाशीम, हे सांगताना तर आम्हाला विशेष अभिमान वाटला होता. मुलांनी सर्व वहीत लिहून घेतले. प्रत्यक्ष लेण्यात मात्र रांग, शिट्टी आणि घड्याळ एवढेच राहिले. फलकावरील मजकूर उतरवून घेण्यात मुलांची मान खाली आणि भिंतीवरील चित्र वर, अशी स्थिती झाली.

सतराव्या लेण्यात एक मुलगा मागे राहिला. गाभाऱ्यालगतच्या भिंतीवर कपिलवस्तूला परतलेल्या बुद्धांचे चित्र आहे. बुद्ध भव्य आकारात उभे, हातात भिक्षापात्र, समोर यशोधरा आणि बालक राहुल, दोघेही त्यांच्या मानाने अगदी लहान. आईचा हात मुलाच्या पाठीशी आहे. आम्ही त्याला बोलवायला गेलो, तेव्हा त्याने विचारले, "सर, ही आई त्याला पुढे ढकलते आहे की धरून ठेवते आहे?"

बस सुटायची होती. "नंतर सांगू," असे म्हणून आम्ही त्याला हाताला धरून बाहेर आणले.

त्या मुलाला त्याच्या आईने पाचवीत आमच्या वसतिगृहात आणून सोडले होते. त्या दिवशी फाटकाजवळ तिचा हातही असाच त्याच्या पाठीवर होता. तो पुढे ढकलत होता की धरून ठेवत होता, हे आम्हालाही सांगता आले नसते. राहुलाने पित्याकडे वारसा मागितला आणि पित्याने त्याला संघात प्रवेश दिला, ही विनयपिटकातील कथा आम्ही वर्गात कितीदा तरी सांगितली होती. परंतु त्या कथेतील आईकडे पाहायला आम्हाला त्या मुलाने शिकवले. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रकाराने त्याच्याच आयुष्यातला एक दिवस रंगवून ठेवला आहे, हे त्याला दिसले होते. प्रेरणा म्हणतात ती बहुधा हीच असते : आपले एकट्याचे वाटणारे दुःख फार पूर्वी कोणाला तरी दिसले होते आणि त्याने ते आदराने पाहिले होते, हा दिलासा.

३. प्रत काढणे म्हणजे थांबून पाहणे

त्या मुलाने पुढे आठवडाभर सायंकाळच्या तासाला ते चित्र आठवणीतून काढले. हात नीट जमत नव्हता. त्याने तो अनेकदा खोडला. शाळेच्या चित्रप्रदर्शनात आम्ही ते लावले, तेव्हा एका पालकाने विचारले, "हे तर नकल केलेलं आहे नं?"

नकलेविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून अनेक हंगाम अजिंठ्याला राहून भित्तिचित्रांच्या प्रती काढत होते. त्यांच्यापूर्वी रॉबर्ट गिल यांनी हेच काम वर्षानुवर्षे केले होते. गिल यांच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. ग्रिफिथ्स यांच्याही अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनलाच आगीत जळाल्या. श्रम वाया गेले, असे वरवर वाटेल. परंतु त्या विद्यार्थ्यांनी महिनोन्महिने एकेका बोटाच्या वळणाकडे पाहिले होते आणि ते पाहणे त्यांच्या हातात उतरले होते. ते आगीत जळण्यासारखे नव्हते.

आमच्या मुलांपैकी अनेक जण एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट रेखाकला परीक्षांना बसतात. त्यातून दहावीला वाढीव गुण मिळतात, हेही खरे आहे. पण आम्ही पालकांना आता असे सांगतो की, जो मुलगा एका हाताचे चित्र आठ दिवस काढतो, तो पुढे माणसांच्या हातांकडेही नीट पाहतो. वेचणीने सोललेली आईची बोटे त्याला दिसू लागतात.

४. पडद्यावर भेटलेली माणसे

चित्रपटाला आपल्याकडे पुष्कळदा वेळ घालवण्याचे साधन समजतात. परंतु येशूच्या जीवनावरील मूकपट पाहून दादासाहेब फाळके अस्वस्थ झाले आणि त्या अस्वस्थतेतून ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांसमोर आला. आचार्य अत्रे यांच्या 'महात्मा फुले' या चित्रपटाच्या मुहूर्ताला १९५४ मध्ये स्वतः डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. या माध्यमाचे सामर्थ्य त्यांनी ओळखले होते, असे मानावयास जागा आहे.

वसतिगृहाच्या सभागृहात आम्ही दोन चित्रपट मुद्दाम दाखवतो. पहिला राजदत्त दिग्दर्शित 'देवकीनंदन गोपाला' (१९७७). त्यात डॉ. श्रीराम लागू यांनी गाडगेबाबांची भूमिका केली आहे. बाबा आपल्याच जिल्ह्यातील शेंडगावचे. जन्म २३ फेब्रुवारी १८७६. मुलांना विद्यापीठाच्या नावामुळे आणि चौकातील पुतळ्यामुळे ते ठाऊक असतात. पडद्यावर मात्र ते चालतात, झाडतात, लोकांना प्रश्न विचारतात. चित्रपट संपल्यावर एका मुलीने विचारले होते, "बाबांचं गाडगं आज कुठे आहे?" या प्रश्नाकडे आपण पुढे वळू.

दुसरा नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३). डुकरे पकडण्याची धांदल चालली असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते आणि ते कुटुंब जागच्या जागी स्तब्ध उभे राहते. पुढे पकडलेले डुक्कर खांद्यावर टांगून बाप-लेक महापुरुषांची चित्रे रंगवलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून जातात. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो. या चित्रपटानंतर आम्ही लगेच काही बोलत नाही. दुसऱ्या दिवशी एकच प्रश्न फळ्यावर लिहितो : "तो दगड कोणाकडे येत होता?" पहिली उत्तरे नेहमी दुसऱ्यांकडे बोट दाखवणारी असतात. आठवड्यानंतर एखादा विद्यार्थी हळूच सांगतो की, नव्याने आलेल्या मुलाला आपणही त्याच्या वडिलांच्या कामावरून चिडवत होतो. ज्या दिवशी असे उत्तर येते, त्या दिवशी चित्रपट दाखवण्याचे सार्थक झाले, असे आम्ही समजतो.

५. सोन्याच्या करंडकातील माती

आता गाडग्याचा प्रश्न. नालासोपाऱ्यात एक मोठी टेकडी होती. लोक तिला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारणाऱ्यांनी आणि वाटसरूंनी ती पाहिली. आत स्तूप आहे, हे कोणास माहीत नव्हते. १८८२ मध्येच भगवानलाल इंद्रजी यांनी ती उघडली. आत दगडी पेटी होती, तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याभोवती आठ लहान बुद्धमूर्ती. तांब्याच्या करंडकात एकात एक ठेवलेले चांदीचे, दगडाचे, स्फटिकाचे आणि सर्वांत आत सोन्याचे करंडक होते. सोन्याच्या त्या इवल्या डबीत सोन्याच्या फुलांबरोबर मातीच्या भांड्याचे तेरा लहान तुकडे जपून ठेवले होते. ते बुद्धांच्या भिक्षापात्राचे म्हणून पूजिले गेले असावेत, असे अभ्यासकांनी मानले. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत.

आम्ही त्या मुलीला एवढेच सांगितले. मग तिने आणि तिच्या वर्गाने मिळून जोडणी केली : अजिंठ्याच्या चित्रात बुद्धांच्या हाती पात्र, सोपाऱ्याच्या सोन्यात मातीचे तुकडे, आणि आपल्या शेंडगावच्या माणसाचे नावच गाडग्यावरून. वर्गात कोणीतरी म्हणाले, "म्हणजे सोनं हे मातीला जपायला होतं." इतिहासाचा हा धडा आम्ही शिकवला नव्हता. त्या सायंकाळी भोजनगृहात ताटात टाकून दिलेले अन्न नेहमीपेक्षा कमी होते. हा बदल कायम टिकला, असा दावा आम्ही करणार नाही. पण त्या दिवशी तो झाला.

६. जवळची दालने

मुंबई दूर आहे, हे खरे. परंतु नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला लोक प्रेमाने 'अजब बंगला' म्हणतात, १८६३ पासून आपल्याच रेल्वेमार्गावर आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण दीक्षाभूमीवर जातो. नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातील कपडे आणि टंकलेखन यंत्र जतन केलेले आहे, तेथेही एखादा दिवस द्यावा. ग्रंथातून भेटलेला माणूस कोट घालत होता, त्या कोटाचे कापड झिजत होते, हे पाहिल्यावर मुलांचा आदर अधिक जवळचा होतो.

पुण्याला दिनकर केळकर यांनी अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ संग्रहालय उभे केले. त्यात दिवे आहेत, अडकित्ते आहेत, स्वयंपाकघरातील भांडी आहेत. सामान्य घरांत रोज हाताळल्या गेलेल्या वस्तू आहेत. ते वाचून आम्ही मुलांना सुट्टीत घरून एक जुनी वस्तू आणावयास सांगितले. जात्याचा खुंटा, कंदील, तिफणीचे सरते, आजीची कापूस वेचण्याची ओटी अशा वस्तू आल्या. प्रत्येक वस्तूखाली ती कोणी वापरली, याची चिठ्ठी लावली. प्रदर्शन पाहायला आलेल्या एका आजींनी आपल्या ओटीजवळ बराच वेळ काढला. आपले नाव लिहिलेली चिठ्ठी नातवाकडून दोनदा वाचून घेतली. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हते.

सहलीचा प्रश्न विचारणाऱ्या वडिलांना आम्ही आता हाच प्रसंग सांगतो. मुलगा जे पाहायला शिकतो, त्याचा उपयोग प्रथम त्याच्या घरच्या माणसांना होतो.

७. पाहण्याची रीत

अनुभवातून आम्ही काही नियम ठरवले आहेत. प्रत्येक पालकाला ते घरीही पाळता येतील.

१) एका भेटीत सर्व पाहू नये. तीन वस्तू निवडाव्यात आणि प्रत्येकीसमोर किमान दहा मिनिटे थांबावे.
२) प्रथम वस्तू पाहावी, फलक नंतर वाचावा.
३) लिहून आणायचे ते उत्तर नसावे, प्रश्न असावा.
४) चित्रपटानंतर त्याच रात्री चर्चा लादू नये, एक दिवस जाऊ द्यावा.
५) परतल्यावर पाहिलेल्यातील एक गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांना सांगावी.
६) मूल थांबले, तर आपणही थांबावे. बस पाच मिनिटे उशिरा सुटली तरी चालते. हा नियम आम्ही सर्वांत उशिरा शिकलो.

स्वाध्याय

१) विहारयात्रा आणि धम्मयात्रा यांतील फरक आपल्या एखाद्या प्रवासाच्या आधारे लिहा.
२) आपल्या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती? ती कोणाच्या हातांनी झिजली?
३) माजी विद्यार्थ्यांसाठी : वसतिगृहात आपल्याला सोडायला कोण आले होते? त्या दिवसाचे चित्र काढायचे झाल्यास त्या माणसाचा हात आपण कोठे दाखवाल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला पत्राने कळवावे, ही विनंती. येत्या वर्षी नागपूर-मुंबईला कामाधंद्यानिमित्त असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी एक रविवार काढून शाळेच्या दोन मुलांना आपल्या शहरातील संग्रहालय दाखवावे, अशी योजना आम्ही करीत आहोत. घाई न करता दाखवावे, एवढीच अट आहे.

सर्वांचे मंगल होवो.