स्काऊट चळवळीचा वर्धापनदिन आणि वर्धा जिल्हा

भारत स्काऊट्स आणि गाईड्स या संस्थेची स्थापना ७ नोव्हेंबर १९५० रोजी झाली. ७ नोव्हेंबर २०२५ रोजी या घटनेस ७५ वर्षे पूर्ण झाली. स्थापनेचा हा दिवस जिल्ह्याजिल्ह्यांतून दरवर्षी पाळला जातो. गळ्यात स्कार्फ बांधलेली मुले-मुली मैदानावर रांगेने उभी राहतात, ध्वज फडकतो, वचनाचा पुनरुच्चार होतो, प्रमुख पाहुण्यांचे भाषण होते आणि खाऊवाटपाने समारंभाची सांगता होते. वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, देवळी येथील शिक्षकांना हे दृश्य नवे नाही. त्यात गैर असे काही नाही. तथापि, वर्धापनदिन साजरा करण्याची एक निराळी रीत याच जिल्ह्याने एकदा साऱ्या देशाला दाखवून दिली होती. अमृतमहोत्सवाच्या निमित्ताने तिचे स्मरण करणे उचित ठरेल.

ही गोष्ट १९३७ सालची. वर्धा शहरातील मारवाडी विद्यालयाचा, म्हणजेच नवभारत विद्यालयाचा, रौप्यमहोत्सव आला होता. संस्थेचे चिटणीस श्रीमन्नारायण अग्रवाल यांच्या मनात आले की, या निमित्ताने राष्ट्रीय वृत्तीच्या शिक्षणतज्ज्ञांना वर्ध्यास पाचारण करावे आणि देशातील शिक्षणाचा विचार करावा. महात्मा गांधी त्या वेळी जवळच्या सेगाव येथे, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहत होते. त्यांनी अध्यक्षपद स्वीकारले आणि २२ व २३ ऑक्टोबर रोजी ती सुप्रसिद्ध शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि उत्पादक हस्तव्यवसायाभोवती गुंफलेला अभ्यासक्रम हे विषय तेथील ठरावांत होते. डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचा अहवालही तयार झाला. एका शाळेच्या रौप्यमहोत्सवातून ‘नई तालीम’ जन्मास आली, असे म्हणावयास हरकत नाही.

योगायोग असा की, त्याच वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यात स्काऊट चळवळीचे जनक लॉर्ड बेडन पॉवेल दिल्लीत होते. अखिल भारतीय जांबोरीसाठी, म्हणजे देशभरातील स्काऊटांच्या महामेळाव्यासाठी, ऐंशी वर्षांचे हे गृहस्थ आवर्जून आले होते. मुलांनी ऐकून नव्हे तर करून शिकावे, हा त्यांचा आग्रह होता आणि आठ महिन्यांनी वर्ध्यास जमलेल्या मंडळींचाही तोच आग्रह होता. तरीही या दोन प्रवाहांचा संगम त्या काळी झाला नाही. तो का झाला नाही, हे समजून घेतल्याशिवाय १९५० च्या घटनेचे महत्त्व ध्यानात यावयाचे नाही.

दोन प्रवाह

बेडन पॉवेल हे मुळात सैनिक. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात मेफकिंग या गावाला पडलेला २१७ दिवसांचा वेढा त्यांनी झुंजवून धरला. त्या वेढ्यात लहान मुलांच्या पथकाने निरोप पोहोचविण्याची व इतर जोखमीची कामे बिनबोभाट पार पाडली. विश्वासाने काम सोपविले तर मुले ते मोठ्यांइतक्याच जबाबदारीने करतात, ही गोष्ट तेथे त्यांच्या मनावर ठसली. याच युद्धात नाताळ प्रांतात मोहनदास गांधी नावाचे एक तरुण बॅरिस्टर सुमारे अकराशे हिंदी लोकांचे शुश्रूषापथक घेऊन जखमींच्या डोल्या वाहत होते, ही नोंदही येथे करून ठेवण्यासारखी आहे. पुढे १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवून बेडन पॉवेल यांनी आपली कल्पना पारखून पाहिली. त्यात श्रीमंत घरची मुले होती तशीच कामकरी वर्गातलीही होती. दुसऱ्या वर्षी त्यांचे ‘स्काऊटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक निघाले आणि चळवळ पाहता पाहता जगभर पसरली.

भारतात तिचे पहिले पथक १९०९ साली बंगलोर येथे निघाले, पण ते गोऱ्या व अँग्लो-इंडियन मुलांसाठी! हिंदी मुलांना प्रारंभी या चळवळीत प्रवेशच नव्हता. शिवाय वचनात ब्रिटिश राजाशी निष्ठेचे कलम होते. तेव्हा हिंदी कार्यकर्त्यांनी आपल्या वाटा आपणच काढल्या. मद्रासेत डॉ. अॅनी बेझंट यांनी १९१६ साली स्वतंत्र संघटना काढली. अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीची स्काऊट संघटना उभी केली. १९३७ च्या भेटीनंतर बेडन पॉवेल यांनी हिंदी लोकांच्या शीलाविषयी काढलेले उद्गार येथील कार्यकर्त्यांच्या जिव्हारी लागले आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट संघटना अस्तित्वात आली. गुरूची पद्धत स्वीकारावी पण अवहेलना स्वीकारू नये, हा विवेक त्या पिढीने दाखविला, हे विशेष.

स्वातंत्र्यानंतर एका देशात दोन गणवेश, दोन झेंडे असणे कोणासच रुचणारे नव्हते. शिक्षणमंत्री मौलाना आझाद यांनी पुढाकार घेतला. या एकीकरणासाठी झटलेल्या मंडळींत दोन नावे आपल्या भागाशी निगडित आहेत. एक, मध्यप्रांत-वऱ्हाडाचे राज्यपाल मंगलदास पक्वासा आणि दुसरे, नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. वर्धा जिल्हा त्या काळी नागपूर राजधानी असलेल्या त्याच प्रांतात होता. ७ नोव्हेंबर १९५० रोजी बॉय स्काऊट्स असोसिएशन व हिंदुस्थान स्काऊट संघटना एक झाल्या, १५ ऑगस्ट १९५१ रोजी गर्ल गाईड्सची संस्थाही त्यांना येऊन मिळाली. राजनिष्ठेच्या जागी देशाविषयीचे कर्तव्य आले, चिन्हात अशोकचक्र आले. स्काऊटच्या नियमांत सार्वजनिक मालमत्तेच्या रक्षणास साहाय्य करण्याचा उल्लेख आला. तो बेडन पॉवेल यांच्या मूळ नियमांत नव्हता. तेव्हा गावच्या हातपंपाचा दांडा मोडणाऱ्याला अडविणारा स्काऊट हा नियमाचेच पालन करीत असतो, हे पंचायत सदस्यांनी ध्यानात ठेवावे.

पद्धत कोठे आहे?

स्काऊट शिक्षणाचा प्राण गणवेशात नाही, संचलनातही नाही. तो आहे संघपद्धतीत. पथकातील मुलांचे सहा ते आठ जणांचे लहान संघ करावयाचे, प्रत्येकास त्यांच्यातलाच एक संघनायक द्यावयाचा आणि काम संघावर सोपवून शिक्षकाने बाजूला उभे राहावयाचे. यातले शेवटचे कलम सर्वांत कठीण! तंबू कलला, की मास्तरांचा हात दोराकडे जातो. प्रस्तुत लेखक शाळकरी वयात अशाच एका संघात होता. रात्री वाऱ्याने आमचा तंबू अंगावर आला तेव्हा आमच्या गुरुजींनी केवळ कंदील वर धरला, खुंटीला हात लावला नाही. त्या रात्री शिकलेली गाठ आजही डोळे मिटून बांधता येते. उलट, कामाच्या निमित्ताने पुढे एका शाळेत जाण्याचा प्रसंग आला. नोंदवहीत पथक पूर्ण होते, शुल्क भरलेले होते, स्कार्फ कपाटात घडी घातलेले होते आणि आपला संघनायक कोण हे एकाही मुलास सांगता आले नाही. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. अशा शाळा कोणत्याही जिल्ह्यात सापडतील.

काम सोपविणे म्हणजे काय, याचे एक उदाहरण घेऊ. पवनार येथे धाम नदीचा काठ आहे. नदी न ओलांडता तिची रुंदी मोजा, असे संघास सांगावे. पलीकडच्या काठावरील एखादे झाड हेरून त्याच्या बरोबर समोर उभे राहावयाचे. तेथून काठाकाठाने चाळीस पावले चालून एक काठी रोवावयाची. त्याच रेषेत आणखी चाळीस पावले पुढे जावयाचे. मग नदीकडे पाठ करून काटकोनात शेताकडे चालू लागावयाचे आणि रोवलेली काठी व पलीकडचे झाड ज्या ठिकाणाहून एका रेषेत दिसतील तेथे थांबावयाचे. हे शेवटचे अंतर म्हणजेच नदीची रुंदी. जागा अपुरी असेल तर काठीपुढे वीसच पावले जावे व आलेले अंतर दुप्पट करावे. फळ्यावर ‘कोबाको’ कसोटी पाठ करूनही ज्याला त्रिकोणांची एकरूपता उमगली नाही, त्याला ती येथे पायांनी उमगते. सेवाग्रामच्या शिक्षकांनी चरख्यावरून गणित शिकविले ते याच न्यायाने.

दुसरे उदाहरण अधिक निकडीचे आहे. आपला जिल्हा कापूस-सोयाबीनचा. पावसाळ्यात निंदण-खुरपणीला गेलेल्या बाईमाणसाला सर्पदंश होणे ही येथे ऐकीव गोष्ट नव्हे. प्रथमोपचार हा स्काऊटच्या अभ्यासक्रमाचा जुना भाग खरा, परंतु जुन्या पुस्तकांतून दंशाच्या वर करकचून बांधावे, जखमेवर चीर द्यावी, विष चोखावे, असे सांगितलेले असे. आजच्या वैद्यकाने हे सर्व त्याज्य ठरविले आहे. बांधू नये, कापू नये, चोखू नये. रोग्यास धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव फळीचा आधार देऊन हलणार नाही असा ठेवावा, अंगठी-बांगडी काढून घ्यावी आणि प्रतिविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात तातडीने न्यावे. मांत्रिकाकडे घालविलेला तास परत मिळत नाही. येथे संघातील मुलांचे कौशल्य कामी येते. दोन काठ्या आणि गुंड्या लावलेले दोन सदरे यांची डोली दोन-तीन मिनिटांत तयार होते, बांधापासून सडकेपर्यंत रोग्यास पायी चालावे लागत नाही. पथकातील शिक्षकांनी हा पाठ प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून एकदा तपासून घ्यावा, म्हणजे जुन्या पुस्तकातील चूक नव्या मुलांच्या हातून घडणार नाही.

खरी कमाई

महाराष्ट्रातील स्काऊट-गाईडांचा ‘खरी कमाई’ हा उपक्रम सर्वांस ठाऊक आहे. इंग्लंडमध्ये १९४९ पासून स्काऊट एक शिलिंग घेऊन घरोघरची लहानसहान कामे करीत, त्याच जातीचा हा उपक्रम. मुलांनी गावात जाऊन श्रमाचे काम मागावे, ते नीट करावे, त्याचा रास्त मोबदला घ्यावा आणि हिशेब लिहावा. अलीकडे बऱ्याच ठिकाणी याचे रूप खाद्यपदार्थांच्या जत्रेत झाले आहे. आईने भल्या पहाटे उठून केलेले वडे मुलाने शाळेत विकले, तर ती कमाई खरी असेल, पण ती आईची!

१९३७ च्या परिषदेतही हाच प्रश्न निघाला होता. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा काय, यावर मतभेद झाले. आर्थिक बाजूवर फार भर दिला तर शिक्षणाचा हेतू बाजूला पडेल, असा इशारा झाकिर हुसेन समितीनेच दिला. ‘खरी कमाई’लाही तो लागू पडतो. किती रुपये जमले याची चुरस शाळाशाळांत लागली, की मुले मजूर होतात किंवा पालक देणगीदार होतात. दहा रुपयांचे काम दहा रुपयांच्या मोलाचे झाले की नाही, हे संघाने एकत्र बसून ठरविणे हाच त्यातला अभ्यास होय.

येथे ग्रामपंचायतीचा संबंध येतो. मुलांना देण्याजोगी, धोका नसलेली आणि मोजता येणारी कामे गावात पुष्कळ असतात. वाचनालयातील पुस्तकांना वेष्टने घालणे, लावलेल्या रोपांना पाणी देऊन जगलेल्यांची नोंद ठेवणे, विहिरीतील पाण्याची पातळी दर पंधरवड्यास दोराने मोजून फळ्यावर लिहिणे, ही त्यांपैकी काही. पातळीच्या नोंदी मार्गशीर्षापासून ज्येष्ठापर्यंत सलग झाल्या तर टंचाईच्या बैठकीत सरपंचांच्या हाती अंदाजाऐवजी आकडा असेल. काम शाळेच्या वेळेबाहेरचे व वयाला झेपणारे असावे, मोबदला संघाच्या खात्यावर जमा व्हावा.

मग ७ नोव्हेंबरला काय करावे? ध्वज अवश्य फडकवावा, वचनही म्हणावे. त्यानंतर मात्र व्यासपीठावर पाहुण्यांऐवजी संघनायकांनी यावे. वर्षभरात आपल्या संघाने काय मोजले, काय दुरुस्त केले, कोठे चुकले, हे प्रत्येकाने पाच मिनिटांत सांगावे. सरपंच, ग्रामसेवक व मुख्याध्यापक यांनी समोर सतरंजीवर बसून ते ऐकावे, शंका विचाराव्यात आणि पुढील वर्षासाठी प्रत्येक संघास एक काम लेखी नेमून द्यावे. मुलांची हिशेबाची वही त्याच दिवशी पंचायतीने तपासून तिच्यावर सही करावी.