बाळाचं वजन दिवस राहण्याआधीच ठरायला लागतं



गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता, व्याज यावर आपण तासभर बोलतो. आहाराचा विषय मात्र दोन मिनिटांत उरकतो. "पालेभाजी खा, दूध प्या," एवढं कुणीतरी म्हणतं, बाकीच्या माना डोलावतात आणि सह्या होतात. म्हणून या वेळी उपदेश बाजूला ठेवते. ही गोष्ट कुणी तपासून पाहिली, कशी पाहिली आणि त्यातून काय निघालं, ते सांगते. तपासणी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत झाली. तिथल्या बाया आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या होत्या.

१९९३ साली पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या संशोधन केंद्रानं डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली हे काम सुरू केलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचे संशोधक सोबत होते. कार्यकर्त्या दर महिन्याला घरोघरी जाऊन लग्न झालेल्या बायांच्या पाळीची तारीख लिहून घ्यायच्या. त्यामुळे दिवस गेले की लवकर कळायचं, आणि दिवस जाण्याआधीचं वजन-उंचीही वहीत असायची. पुढे गरोदरपणात दोन वेळा त्या बाईनं काय खाल्लं, किती काम केलं ते विचारलं, रक्त तपासलं. बाळ झालं की त्याचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, कातडीखालची चरबी, सगळं मोजलं. अशा आठशेच्या आसपास गरोदर बाया होत्या. वहीत लिहिलेलं आणि आठवणीतून सांगितलेलं यात केवढा फरक असतो, हे गटाचं दप्तर लिहिणाऱ्या ताईला वेगळं सांगायला नको.

सापडलं काय? दिवस जाण्याआधी या बायांचं सरासरी वजन होतं साधारण ४२ किलो. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोच्या आसपास. साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोच्या घरात होती. म्हणजे पाऊण किलोहून जास्त फरक.

गरोदरपणात जास्त खाल्लं तर बाळ मोठं होईल आणि बाळंतपण अडेल, असं आपल्याकडच्या जुन्या बाया अजून सांगतात. या भीतीपोटी सुनेला शेवटच्या महिन्यांत मुद्दाम कमी वाढणारी घरं मी आपल्या भागात पाहिली आहेत. बाळंतपण अडायला इतरही कारणं असतात, त्यातली काही तपासणीत डॉक्टरांना कळतात. सरासरी २.७ किलो असताना बाळ फार मोठं होईल याची चिंता आपल्याला परवडणारी नाही.

आता पुढचं नीट वाचा. किती भाकरी खाल्ल्या, यावरून बाळाच्या वजनाचा फारसा अंदाज बांधता आला नाही. पण ज्या बाया दूध घेत होत्या, पालेभाजी आणि फळं वारंवार खात होत्या, त्यांची बाळं जास्त भरलेली होती. आणि शेतातलं, पाण्याचं, घरातलं मिळून ज्यांच्यावर कामाचा बोजा जास्त होता, त्यांची बाळं लहान होती. जेवण सारखं असलं तरी कमरेवरचा हंडा बाळाच्या वाट्याचं काढून घेतो, असं मी याला म्हणते.

आणखी एक गोष्ट निघाली. आपली बाळं हाडापेरानं बारीक, मांस कमी, पण चरबी मात्र त्या मानानं टिकून असलेली. डॉक्टर याला बारीक दिसणारं पण चरबीचं बाळ म्हणतात. पुढे चाळिशीत, अंगानं सडपातळ असलेल्या माणसालासुद्धा आपल्याकडे साखर का लागते, याचा एक धागा इथं आहे.

रक्ताच्या तपासणीत दोन तृतीयांश बायांमध्ये बी-१२ हे जीवनसत्त्व कमी निघालं. ते पालेभाजीत नसतं. दूध, दही, ताक, अंडी, मटण, मासे यांतच असतं. माळकरी घरात मग दूध-दही-ताक एवढाच मार्ग उरतो. हीच मुलं सहा वर्षांची झाल्यावर परत तपासली. ज्यांच्या आईच्या रक्तात फॉलिक ॲसिड भरपूर पण बी-१२ कमी होतं, त्या मुलांमध्ये पुढे साखरेच्या आजाराकडे नेणारी लक्षणं जास्त दिसली. याचा अर्थ दवाखान्यातल्या गोळ्या बंद करा असा कुणी काढू नका. लोह-फॉलिकची गोळी बाळासाठी लागतेच, ती चहासोबत तेवढी घेऊ नका. तिच्या जोडीला बी-१२ पोटात गेलं पाहिजे, आणि थकवा, मुंग्या येत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, एवढंच त्यातून घ्यायचं.

तुमच्यातली एखादी हुशार ताई म्हणेल, "दूध-फळं खाणारी बाई मुळात बऱ्या घरची असणार. मग बाळ दुधानं भरलं की घरच्या बऱ्या परिस्थितीनं?" प्रश्न अगदी बरोबर आहे, संशोधकांनाही तोच पडला. म्हणून २००६ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दुसरा अभ्यास झाला. साडेसहा हजार बाया, आणि भिशीत चिठ्ठी काढतो तसे दोन गट पाडले, म्हणजे गरीब-श्रीमंत दोन्हीकडे सारखेच यावेत. एका गटाला रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला खाऊ, दुसऱ्या गटाला तसाच दिसणारा पण बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. रोजचं जेवण होतंच, हा खाऊ वरून. आणि तो दिवस जाण्याआधीपासून सुरू केला.

२०१४ साली निकाल आला. सगळ्या बाया एकत्र धरल्या तर बाळांच्या वजनात ठोस म्हणावा असा फरक पडला नाही. पण ज्यांनी दिवस जाण्याच्या किमान तीन महिने आधी खायला सुरुवात केली होती, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जास्त भरली. छोट्या साबणवडीएवढं वजन. थोडंच वाटतं, मलाही वाटलं. पण रोजच्या एका खाऊवर, पुष्कळ बाळांच्या सरासरीत आलेला तो फरक आहे. शिवाय गरोदरपणात साखर वाढण्याचं प्रमाण साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के होतं, पालेभाजी-दुधाच्या गटात ७.३ टक्के.

या निकालातली मला सगळ्यात टोचलेली गोष्ट वेगळी आहे. ज्या बाया मुळातच खूप बारीक होत्या, त्यांच्या बाळांना या खाऊचा फायदा झाला नाही. रिकाम्या विहिरीत पहिलं पाणी तळालाच मुरतं, तसं काहीसं असावं. अशा मुलीचं अंग लग्नाआधीच भरायला हवं. पुण्याच्या त्या सहा गावांत जन्मलेली मुलं मोठी झाल्यावर, २०१२ पासून त्यांनाच बी-१२ देऊन पाहिलं, म्हणजे उद्याच्या आयांची तयारी त्या आई होण्याआधीच सुरू झाली.

आता आपल्या कन्नड तालुक्याकडे वळू. आपल्या योजनांचा मोठा भाग गरोदरपणाची नोंद झाल्यावर सुरू होतो. दिवस गेलेले कळेपर्यंत दोन महिने गेलेले असतात. मुलीला शाळेत आठवड्याची निळी गोळी मिळते, पण शाळा सुटली की अनेकींची गोळीही सुटते. तिथून लग्न आणि पहिलं बाळंतपण या मधल्या काळात तिच्या ताटाकडे बघणारं कुणी नाही. ते आपल्या गटानं बघावं, असं मला वाटतं.

देवगाव रंगारीच्या आसपासच्या गटांत म्हशीसाठी, गाईसाठी कर्ज घेतलेल्या सख्या खूप आहेत. दूध डेअरीला जातं, त्यातून हप्ता फिटतो, आणि घरात कोरा चहा. हप्ता बुडवा असं मी कशी म्हणेन? पण जनावरासाठी कर्ज मंजूर करताना ठरावातच एक ओळ लिहिता येईल: घरात गरोदर, बाळंतीण किंवा वयात आलेली मुलगी असेल तर तिच्या पेल्यापुरतं दूध डेअरीच्या कॅनमध्ये जाणार नाही. अंड्यांचंही तसंच. कोंबड्या आपण पाळतो आणि अंडी आधी बाजारात, मग पुरुषांच्या ताटात.

पालेभाजीला पैसे लागत नाहीत, असं म्हणणं मला पटत नाही. उन्हाळ्यात पाणी लागतं, आणि पाणी म्हणजे पुन्हा बाईच्या डोक्यावरचा हंडा. म्हणून परसबाग करायची तर मोरीच्या सांडपाण्यावर, आणि शेवग्याची दोन झाडं आधी लावा. शेवग्याचा पाला बाराही महिने हाताशी असतो. पावसाळ्यात तांदुळजा, घोळ, पाथरी बांधावर आपोआप येतात. आता तणनाशक फवारून आपणच त्या मारतो, हा वेगळा विषय, पण बांधाचा एक कोपरा तरी फवारणीतून सोडा.

कामाचं काय? इथं सावड जुनीच आहे. अद्रकाची काढणी, कापसाची वेचणी, मक्याची सोंगणी आपण एकमेकींच्या रानात करतोच. सातव्या महिन्यापासून गरोदर सखीचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा आणि तिनं तो पुढच्या हंगामात फेडायचा. गटाच्या वहीत जसं कर्ज लिहितो, तसं हेही लिहून ठेवायचं, म्हणजे कुणाला मिंधेपणा वाटणार नाही.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक चिठ्ठी आणायची. काल घरात कोण कोणाच्या आधी जेवलं, आणि शेवटच्या ताटात काय उरलं होतं, एवढं दोन ओळींत. नाव घालायची गरज नाही. लिहिता येत नसेल तर मुलीकडून लिहून घ्या, तिलाही कळू द्या. गटाच्या सचिव ताईनं चिठ्ठ्या एकत्र वाचाव्यात, आणि अंगणवाडीतून वजनकाटा एक दिवसासाठी मागून आणावा. पंधरा ते पंचवीस वयाच्या मुली-सुना आधी काट्यावर चढतील, आपण नंतर.