वर्दीशिवायची सुरक्षा

"सर, पोरगी म्हणतीय सिक्युरिटीत पीएच.डी. करायची. म्हंजी नेमकं काय? त्याची भरती निघती का?"

कराडजवळच्या मलकापुरात, आगाशिवनगरातल्या एका वडिलांनी मला हे विचारलं. मुलगी बारावी सायन्सला, शेजारी मान खाली घालून बसलेली. वडिलांचा प्रश्न अगदी रास्त होता. सातारा जिल्ह्यात सुरक्षा म्हटलं की पहाटे मैदानावर पळणारी पोरं डोळ्यांपुढं येतात. इथल्या अपशिंग्याला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात आणि देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ मध्ये साताऱ्यातच सुरू झाली. त्या वाटेचा मान मोठाच आहे. मुलगी मात्र दुसऱ्या वाटेबद्दल बोलत होती आणि तिला ती नीट सांगता येत नव्हती. म्हणून मी त्यांना कॉसमॉस बँकेची गोष्ट सांगितली.

११ ऑगस्ट २०१८, शनिवार. पुण्यातल्या या सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोरांनी आधीच घुसवलेला प्रोग्रॅम त्या दिवशी कामाला लागला. एटीएममधून पैसे मागितले की ती मागणी बँकेच्या मुख्य सर्व्हरकडे जाते आणि तिथून होकार आला की नोटा बाहेर पडतात. चोरांनी मध्येच स्वतःचा खोटा सर्व्हर बसवला आणि तो प्रत्येक मागणीला होकार देत राहिला. काही तासांत २८ देशांतल्या आणि भारतातल्या एटीएममधून ८० कोटींहून जास्त रक्कम निघाली. सोमवारी आणखी सुमारे १४ कोटी हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले. एकूण ९४ कोटी. भारतात ज्या शहरांतून बनावट कार्डांनी पैसे काढले गेले, त्यांत आपलं कोल्हापूरही होतं. मलकापुरातून हायवेला लागलं की दीड तासाच्या आत येणारं कोल्हापूर.

आता हा गुन्हा कोणत्या विषयाचा? खोटा सर्व्हर समजायला कॉम्प्युटरवाला हवा. पैसा कुठून कुठं गेला ते बघायला बँकिंग आणि हिशेबातला माणूस हवा. दुसऱ्या देशातून पुरावा आणायचा तर आंतरराष्ट्रीय कायदा आला. आणि कार्डं घेऊन एटीएमपुढं उभी राहिलेली, सीसीटीव्हीत दिसलेली माणसं या कामाला का तयार झाली, हा प्रश्न गुन्हेगारीशास्त्राचा आणि मानसशास्त्राचा. यातल्या एकालाही एकट्याला हे प्रकरण पुरतं कळणार नाही. प्रत्येकाचं ऐकून, ते जोडून, पुढच्या वेळी हे कसं थांबवायचं हे शोधणारा माणूस लागतो. त्याला घडवायचं शिक्षण म्हणजे सुरक्षाविज्ञानातलं संशोधन.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजनं हे लवकर ओळखलं. बीबीसीच्या निवेदिका जिल डँडो यांचा १९९९ मध्ये घराच्या दारातच गोळी घालून खून झाला. त्यांच्या नावानं तिथं २००१ मध्ये गुन्हा रोखण्याचा अभ्यास करणारी संस्था उभी राहिली. पुढं त्याच विद्यापीठात डॉक्टरेटसाठी खास केंद्र निघालं. तिथं पहिलं वर्ष सगळ्यांनी एकत्र शिकायचं आणि मग तीन वर्षं स्वतःचं संशोधन करायचं, अशी आखणी होती. रसायनशास्त्रातून आलेला मुलगा कायदा वाचायचा, समाजशास्त्रातून आलेली मुलगी आकडेवारी शिकायची. मला त्यातलं ते पहिलं वर्ष सगळ्यात मोलाचं वाटतं. आपल्याकडं नेमकं तेच विद्यार्थ्याला स्वतःच्या हिमतीवर उभं करावं लागतं.

पालकांची पहिली चूक होते ती बारावीनंतर. जाहिरातीत 'सायबर' आणि 'सिक्युरिटी' हे शब्द दिसले की भरमसाट फी भरून मोकळे होतात. माझं म्हणणं उलटं आहे. आधी एक विषय पक्का करा. भौतिक, रसायन, कॉम्प्युटर, संख्याशास्त्र, मानसशास्त्र, कायदा, यांतला जो आवडेल तो. विहीर एकच खणा, पण पाणी लागेपर्यंत खणा. त्यासाठी लांब जायचीही गरज नाही. कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासूनचं आहे, विद्यानगरात विज्ञानाची आणि कलाशाखेची कॉलेजं आहेत, आणि मलकापुरातच कृष्णा विश्व विद्यापीठ आहे.

इंजिनीअर नसला तरी या क्षेत्रात जागा आहे, हे कराडकरांना वेगळं सांगायला नको. १९६२ च्या चीन युद्धानंतर देशाचं संरक्षण खातं ज्यांच्या हाती दिलं, त्या यशवंतराव चव्हाणांचं शिक्षण इतिहास, राज्यशास्त्र आणि कायद्याचं होतं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आंतरराष्ट्रीय सुरक्षा आणि संरक्षण विश्लेषणाचं राष्ट्रीय केंद्र आहे, ते त्यांच्याच नावाचं. त्याच विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभागही आहे. बी.ए. झालेली मुलं तिथून एम.ए. आणि पुढं पीएच.डी. करतात.

तंत्रज्ञानाकडून यायचं असेल तर पुण्यातच गिरीनगरला, खडकवासल्याजवळ, डीआयएटी आहे. १९५२ मध्ये शस्त्रास्त्रांच्या अभ्यासासाठी सुरू झालेली ही संस्था आज अभिमत विद्यापीठ आहे. आयआयटी मुंबईत अंतर्गत सुरक्षेच्या तंत्रज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे. गुन्हेगार आणि समाज यांचा अभ्यास करायचा तर मुंबईतच टाटा समाजविज्ञान संस्था आहे. न्यायवैद्यक विज्ञानासाठी नागपूरची शासकीय संस्था आहे, आणि गांधीनगरच्या न्यायवैद्यक विद्यापीठाला २०२० मध्ये राष्ट्रीय दर्जा मिळाला आहे.

न्यायवैद्यकाबद्दल जरा थांबून सांगतो, कारण तिथं चित्र खरोखर बदलतंय. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करावेत, असं तिच्या कलम १७६ मध्ये आहे. राज्यांना तयारीसाठी पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार, आणि त्यांना शिकवणारी, पद्धती तपासणारी माणसंही लागणार. आज बारावीत असलेली मुलगी साधारण त्याच सुमारास तयार झालेली असेल.

पीएच.डी.चे नियम पालकांनी एकदा नीट समजून घ्यावेत. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे मुदत किमान तीन, जास्तीत जास्त सहा वर्षं. मुलींना त्यावर दोन वर्षांची सवलत मिळते आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा मिळते. ज्यांना "लग्नाचं काय" ही काळजी आहे त्यांनी हे लक्षात ठेवावं. एम.ए., एम.एस्सी.ला खुल्या गटात ५५ टक्के लागतात. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली तर थेटही अर्ज करता येतो. नोकरी सांभाळून पीएच.डी. चालते, पण दूरस्थ किंवा ऑनलाइन पीएच.डी.ला मान्यता नाही. परदेशी विद्यापीठाच्या नावानं कुणी घरबसल्या डॉक्टरेट विकत असेल तर पैसे अडकवू नका.

आणि एक नियम फारसा कुणी सांगत नाही. मुख्य मार्गदर्शकाबरोबर दुसऱ्या विभागातला किंवा दुसऱ्या संस्थेतला सहमार्गदर्शक घेता येतो. आपल्या विषयासाठी ही खिडकी फार महत्त्वाची. पण ती आपण जाऊन उघडावी लागते. प्रवेशापूर्वी मार्गदर्शकाला सरळ विचारा, "सर, कायद्याच्या विभागातले कुणी सहमार्गदर्शक म्हणून चालतील का?" उत्तर देताना ते कचरले तर दुसरा मार्गदर्शक शोधा. पुढची चार-पाच वर्षं त्या माणसाबरोबर काढायची आहेत.

पैशाचं सांगतो. नेट परीक्षेतून जेआरएफ ही अधिछात्रवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिन्याला ३७,००० रुपये, नंतर ४२,०००, वर घरभाडे भत्ता. जेआरएफ हुकली तरी आता नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशाला चालतात. आपापल्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, पण जागा मोजक्या. अधिछात्रवृत्ती वेळेवर हातात येईलच असं धरून चालू नका, सहा महिन्यांचा खर्च बाजूला असू द्या. घरात बाविसाव्या वर्षी पगाराची गरज असेल तर मुलीनं आधी नोकरी करावी. बँकेच्या फसवणूक-तपासणी विभागात दोन वर्षं काढलेली मुलगी संशोधनाला येते तेव्हा तिचे प्रश्न जिवंत असतात. पुढं काम बँकांत, न्यायवैद्यक प्रयोगशाळांत, सायबर कंपन्यांत, विद्यापीठांत. कायम प्राध्यापकाच्या जागा मात्र सावकाश भरतात, त्या एकाच आशेवर पीएच.डी. करू नये.

मुलांना एक कळकळीनं सांगणं आहे. व्हिडिओ बघून दुसऱ्याचं खातं किंवा कॉलेजची वेबसाइट उघडून बघायचा मोह होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. या क्षेत्रात पुढं चारित्र्य पडताळणी होते, आणि कॉलेजच्या वयातली गंमत तिथं आडवी येऊ शकते. शिकायचं असेल तर स्वतःच्या मशिनवर शिका.

त्या दिवशी शेवटी मुलीनंच तोंड उघडलं. मलकापूरला चोवीस तास पाणी येतं, घरोघरी मीटर आहेत, आणि त्या मीटरांचं रीडिंग दुरून घेण्याची सोय या पाणी योजनेत आली होती. तिनं विचारलं, "सर, अशा यंत्रणेत कुणी बाहेरून घुसलं तर? ते कुणाला आधी कळेल, पाणीवाल्याला का कॉम्प्युटरवाल्याला?"

वडील तिच्याकडं बघत राहिले. मी तिला हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहायला सांगितला. बी.एस्सी.ला कॉम्प्युटरसोबत संख्याशास्त्र घ्यायचं असं तिघांनी मिळून ठरवलं. निघताना वडिलांनी पुण्याच्या हॉस्टेलचा महिन्याचा खर्च विचारला आणि आकडा मोबाइलमध्ये टिपून घेतला.